छोट्या न्यासाचा हिशेब पक्का कसा करावा

बऱ्याच छोट्या न्यासांत पावती पुस्तक, चेकबुक आणि कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) एकाच खजिनदाराकडे असते. माणूस सचोटीचा, म्हणून कुणी काही विचारत नाही. पुढे कधी हिशेब जुळला नाही, की सगळ्यांचं बोट त्याच्याचकडे वळतं आणि आपली बाजू मांडायला त्याच्या हाती कागद नसतो. म्हणून सुरुवात कामांच्या वाटणीपासून करा. माणसं कमी असली तरी पैसे घेणारा आणि कीर्द लिहिणारा हे दोघे वेगळेच हवेत. हे जमलं नाही, तर पुढचे उपाय फारसे कामाचे नाहीत.

मग पावत्या. पुस्तकं अनुक्रमांक छापूनच घ्या. कोणतं पुस्तक कुणाला दिलं आणि कधी परत आलं, हे एका वहीत लिहा. चुकलेली पावती फाडून टाकू नका. दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून त्या पुस्तकातच ठेवा. दानपेटीला दोन कुलपं लावा, चाव्या दोघांकडे द्या आणि मोजणीच्या कागदावर दोघांच्याही सह्या घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: जमलेल्या रोखीतूनच मंडपवाल्याचे पैसे दिले जातात. मग ती जमाही कीर्दीत येत नाही आणि खर्चही. आलेली रोख आधी पूर्णच्या पूर्ण बँकेत भरा. किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम वेगळी ठेवा, समजा ५,००० रुपये. ती संपत आली की व्हाउचर तपासून घ्या आणि जेवढा खर्च झाला तेवढेच पैसे बँकेतून काढा. या किरकोळ खर्चाच्या पेटीतली रोख आणि व्हाउचर यांची बेरीज केव्हाही ५,०००च भरली पाहिजे. मोठ्या देणग्या शक्यतो चेकने किंवा ऑनलाइन घ्या. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले, तर देणगीदाराला देणगीवरची आयकर सवलत (८०जी नावाने ओळखली जाणारी) मिळत नाही.

चेकवर दोन सह्या असाव्यात. सही करून ठेवलेले कोरे चेक मात्र मुळीच नकोत. सोयीच्या नावाखाली ही सवय फार ठिकाणी दिसते. नेटबँकिंगमध्ये रक्कम एकाने भरावी, मंजुरी दुसऱ्याने द्यावी. कीर्दीचा बँकेच्या खातेउताऱ्याशी ताळमेळ दर महिन्याला घाला आणि तो चेकवर सही न करणाऱ्या विश्वस्ताला तपासू द्या.

परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) परवानगीशिवाय घेऊ नका. ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते आणि देशातल्या देणग्यांत मिसळता येत नाही.

विश्वस्त बदलले, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या आणि बँकेतल्या सह्याही लगेच बदलून घ्या. अर्ज रखडला, की निवृत्त विश्वस्ताच्या सहीवर व्यवहार चालू राहतात.

हे सगळं सभेत ठराव करून इतिवृत्तात नोंदवा. त्यानंतर पुढच्या महिन्यात एखाद्या दिवशी, आधी न सांगता, दोघांनी जाऊन किरकोळ खर्चाची पेटी मोजा.