कुस्तीचं निवेदन: रोखठोक बोलायचं कसं

रोखठोक निवेदक म्हटलं की अमेरिकन टीव्हीवरचे हॉवर्ड कोसेल आठवतात. मूळचे वकील. १९७३ मध्ये किंग्स्टनला बॉक्सिंगच्या लढतीत फोरमननं फ्रेझरला पाडलं, तेव्हा त्यांनी ‘फ्रेझर पडला’ एवढंच तीनदा म्हटलं. १९८२ मध्ये होम्स-कॉब ही एकतर्फी लढत पंच थांबवेनात, म्हणून भर प्रक्षेपणात खडसावलं आणि व्यावसायिक बॉक्सिंगचं निवेदनच सोडलं. आधी दिसलं ते, मग मत. बेळगावकडचं येळ्ळूर असो की आनंदवाडी आखाडा, हाच क्रम धरा.

जोड, म्हणजे दोन पैलवानांची कुस्ती, लागण्याआधी चिठ्ठीवर नाव, गाव, तालीम, वस्ताद आणि इनाम लिहून घ्या. नाव खुद्द पैलवानाला वाचून दाखवा. गोकाक-अथणीकडच्या कन्नड पैलवानाचं नाव चुकलं तर त्याची माणसं तिथंच ओरडतात. कुस्ती निकाली (चितपट होईपर्यंत) की गुणांवर, वेळ किती, हे पंचांकडून आधीच घ्या.

माइक तोंडापासून चार बोटं, जरा तिरका. जाळीवर मूठ आवळली किंवा भोंग्यासमोर गेलात की शिट्टी वाजणारच, म्हणून भोंग्यांच्या मागच्या बाजूला उभे राहा. लांबच्या भोंग्याचा आवाज उशिरा पोचतो. वाक्यं आखूड ठेवा. हलगी चढली की गप्प. तिच्याशी स्पर्धा करून घसा बसतो, बाकी काही होत नाही.

डाव होताना अवयव सांगा: ‘पट काढला, पाठीवर गेला, मानेवर गुडघा, लांगेला हात, घुटना!’ (पट म्हणजे पायाची पकड, लांग म्हणजे लंगोट, घुटना हे डावाचं नाव.) पलीकडच्याला एवढ्यावर कुस्ती दिसते. ‘काय ती ताकद’ यातून काहीच दिसत नाही. पंचांचा हात वर गेल्याशिवाय ‘चितपट’ म्हणू नका. घाई केलीत आणि समर्थक हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरले की पुन्हा जोड लावणं अवघड, वर भांडण.

नुरा कुस्तीची, म्हणजे आधीच ठरवून खेळलेल्या कुस्तीची, शंका आली तर थेट आरोप नको. घड्याळ बघून सांगा: ‘पाच मिनिटं झाली, एकानंही पटाला हात घातलेला नाही.’ लोक काय ते समजतात, पैलवानही हलतात. तरीही ढिम्म, तर समज द्या अशी पंचांना माइकवरूनच विनंती करा. त्यानंतर तुमचं मत, एका वाक्यात.

देणगीदारांच्या चिठ्ठ्या दोन कुस्त्यांच्या मध्येच वाचायच्या. पकड बसलेली असताना ग्रामपंचायत अध्यक्षांची चिठ्ठी आली तरी ती खिशात.