टॅब घेण्याआधी त्यावर अनुस्वार देऊन बघा

आईची भिशी ऑगस्टमध्ये लागली. त्यातले २० हजार तिने माझ्या हातावर ठेवले. "वह्यांचं ओझं तरी कमी होईल तुझं," म्हणाली. मी तेव्हा पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. पुढच्या बाकांवरची तीन-चार मुलं टॅबवर नोट्स काढायची. रंगीत मथळे, सरळ रेषा, नीट आकृत्या. घरून पैसे आले त्याच आठवड्यात मी टॅब घेतला आणि पुढच्या दीड महिन्यात त्यावर लिहिणं सोडून दिलं. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत ज्युनियर मुलं मला विचारतात, "दादा, नोट्ससाठी कोणता टॅब घेऊ?" माझ्यासारखे पैसे त्यांचे जाऊ नयेत म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

रॅम, प्रोसेसर, बॅटरी हे तुम्ही बघालच, त्यात मी शिरत नाही. नोट्स काढायला आजचा कुठलाही बरा प्रोसेसर पुरतो. मला बोलायचंय ते पेनबद्दल, आणि जरा सविस्तर बोलणार आहे.

दुकानात मी विचारलं होतं, "यावर पेनने लिहिता येतं का?" काउंटरवरचा माणूस म्हणाला, "येतं की. स्टायलस सपोर्ट आहे ना." ऑनलाइन वर्णनातही तेच लिहिलेलं होतं. साडेसतरा हजारांचा टॅब आणि चौदाशेचा चार्जिंगवाला पेन घेऊन मी बाहेर पडलो. तो माणूस खोटं बोलला नव्हता. प्रत्येक टचस्क्रीनला स्टायलस सपोर्ट असतोच. तुमच्या मोबाइललाही आहे.

कसं ते सांगतो. टचस्क्रीनच्या काचेखाली बारीक जाळी असते. बोट टेकलं की त्या जागचा विद्युतभार बदलतो आणि स्क्रीनला जागा कळते. रबरी टोकाचा दोनशे रुपयांचा पेन हेच करतो. बारीक टोकाचा, आत बॅटरी असलेला, चौदाशेचा पेनही हेच करतो. टोकाशी बोटासारखा परिणाम घडवतो, इतकंच. म्हणजे टॅबच्या लेखी पेन आलेलाच नसतो, एक बारीक बोट आलेलं असतं. पेनात बॅटरी आहे, त्याला दिवा आहे, खोक्यावर 'ॲक्टिव्ह' लिहिलंय, यातल्या कशानेही टॅबला पेन ओळखता येत नाही.

खऱ्या पेनचं तंत्र निराळं असतं. सॅमसंगच्या एस पेनवाल्या टॅबमध्ये स्क्रीनखाली आणखी एक थर असतो. त्यातून चुंबकीय क्षेत्र निघतं, पेनमधली छोटी कॉइल त्याला उत्तर देते, आणि टॅबला पेन कुठे आहे, किती दाबलाय हे समजतं. म्हणून तो पेन लिहिण्यासाठी चार्जही करावा लागत नाही. ॲपल पेन्सिलमध्ये बॅटरी असते आणि ती स्क्रीनला स्वतःचे संकेत पाठवते. तंत्र दोन, पण दोन्हीकडे टॅबला पक्कं माहीत असतं की हा पेन आणि हा हात.

हे माहीत नसल्याने काय होतं, ते मला व्हायब्रेशनच्या तासाला कळलं. पहिला त्रास तळहाताचा. वहीवर लिहितो तसा हात टेकवला की करंगळीखाली रेघोट्या, कधी पानच सरकायचं. मी हात हवेत धरून लिहायला लागलो. वीस मिनिटांत मनगट भरून यायचं. त्याचीही सवय होईल असं मी स्वतःला समजावत राहिलो. घरच्यांचे पैसे गेलेले असतात ना, मग वस्तू वाईट आहे हे मान्य करायला मन तयार होत नाही.

दुसरा त्रास टिंबांचा, आणि तो जास्त घातक. मुक्त कंपनाच्या समीकरणात एक्स या अक्षरावर दोन टिंबं असतात. एक टिंब म्हणजे वेग, दोन टिंबं म्हणजे त्वरण. सर फळ्यावर भराभर लिहीत होते. मी एक्सवर दोन टिंबं दिली की टॅबला वाटायचं बोटाने दोनदा टकटक केली, आणि पान मोठं व्हायचं. पान पुन्हा लहान करेपर्यंत सर पुढच्या ओळीवर. काही ठिकाणी एकच टिंब उमटलं, काही ठिकाणी एकही नाही. तासाच्या गडबडीत ते दिसलं नाही. युनिट टेस्टच्या आदल्या रात्री त्याच नोट्स उघडल्या, तर वस्तुमान गुणिले वेग अधिक स्प्रिंगचं बल बरोबर शून्य असं समीकरण समोर. एककंच जुळेनात. एका पदात किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद, दुसऱ्या पदात न्यूटन. आपल्याला विषयच कळलेला नाही असं समजून मी रात्री दीडपर्यंत रडकुंडीला आलो होतो. पुस्तक उघडल्यावर कळलं की एक टिंब गळालंय.

मराठीत लिहिणाऱ्यांना हे जास्त भोवतं. दिवाळीत ताईने तोच टॅब आठवडाभर वापरून बघितला. ती राज्यसेवेची तयारी करते, प्राचीन इतिहासाच्या नोट्स काढत होती. चौथ्या दिवशी मला बोलावलं. "अरे, हे बघ, सातवाहन वंश लिहिलं होतं मी, इथे सातवाहन वश दिसतंय." अनुस्वार गेला की अर्थच गेला. आणि आपल्या लिपीत पेन किती वेळा उचलावा लागतो ते बघा. अक्षराची उभी रेघ, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, मग वरून शिरोरेषा. इंग्रजी अक्षरं जोडून एका दमात ओढून लिहिणाऱ्याला जो पेन चालून जातो, तो देवनागरीत दर शब्दाला दगा देतो. टॅबच्या व्हिडिओत कोणी हे दाखवत नाही. तिथे गेम कसा चालतो ते दाखवतात.

म्हणून दुकानात जाल तेव्हा ही परीक्षा घ्या. नोट्सचं कुठलंही ॲप उघडा आणि सेटिंगमध्ये बोटाने लिहिणं बंद करा. सॅमसंग नोट्समध्ये, वननोटमध्ये, आयपॅडच्या पेन्सिलच्या सेटिंगमध्ये ही सोय आहे. बोट फिरवून बघा, काही उमटायला नको. आता पेन फिरवा. उमटलं, तर टॅब त्या पेनला पेन म्हणून ओळखतो. नाही उमटलं, तर त्याच्या दृष्टीने ते बोट आहे. बाकी कोणी काहीही सांगो, तो टॅब नोट्ससाठी घेऊ नका. मग तळहात पूर्ण टेकवून तीन-चार ओळी लिहा. पट्टी असेल तर तिच्या कडेने तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा, हलक्या पेनची रेघ तिथे लाटांसारखी येते. आणि शेवटी भराभर वीस अनुस्वार द्या आणि मोजा. वीसच्या वीस यायला हवेत.

आता नावं. ती सांगितल्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही.

सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट २०२० साली आला, पुढे २०२२ आणि २०२४ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. तिन्हींच्या खोक्यात एस पेन मिळतो. २०२३ चा टॅब एस९ एफई जरा मोठा, पेन खोक्यातच, आणि पाण्यापासून बराच सुरक्षित. पण एस ऐवजी ए नावाची जी स्वस्त मालिका आहे, त्यातल्या ए९ आणि ए९ प्लसला एस पेन चालत नाही. कंपनी एकच, दिसायला सारखेच, किंमत निम्मी, आणि मुलं इथेच फसतात. एका अक्षराचा फरक आहे, दोनदा वाचा.

आयपॅड घेणार असाल तर पेन्सिलची किंमत आधी जोडा. २०२५ चा साधा आयपॅड भारतात ३४,९०० ला आला आणि यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० ची, म्हणजे ४२,८०० झाले. या पेन्सिलला दाब कळत नाही, पण नोट्ससाठी ते अडत नाही. चित्रं काढणाऱ्यांना अडतं. कोणती पेन्सिल कोणत्या आयपॅडला हे मात्र पाठ करून जा. नवव्या पिढीच्या आयपॅडला फक्त पहिली पेन्सिल चालते. दहाव्या पिढीला पहिली चालते पण जोडायला अडॅप्टर लागतो, नाहीतर यूएसबी-सीची घ्यावी. दुसऱ्या पिढीची पेन्सिल या दोघांनाही चालत नाही, आणि जुन्या बाजारात नेमकी तीच स्वस्तात गळ्यात मारतात. २०१८ नंतरच्या आयपॅडवर इतर कंपन्यांचे स्वस्त पेनही हात टेकवून नीट चालतात, कारण ते आयपॅडसाठीच बनवलेले असतात. हुबेहूब तसाच दिसणारा पेन अँड्रॉइड टॅबसाठी घेतलात की तुम्ही माझ्या जागी आलात.

इतर कंपन्यांचे टॅबही चांगले आहेत, पण कंपनीचाच पेन घ्या आणि तुमच्या मॉडेलचं नाव त्या पेनच्या यादीत आहे का ते बघा. एका पिढीचा पेन दुसऱ्या पिढीला चालेलच असं नाही.

आकाराबद्दल थोडंसं. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. साध्या आयपॅडची स्क्रीन उभी धरली तर साधारण १६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे पान पाऊणपट दिसतं. ते चालतं. आठ इंचीवर पीडीएफ वाचून डोळे दुखतात, घेऊ नका. साठवण ६४ जीबी असली तरी नोट्सना पुष्कळ होते, लेक्चरचे व्हिडिओ ठेवायचे असतील तर नाही. मॅट स्क्रीनगार्डने कागदासारखं वाटतं खरं, पण पेनचं टोक लवकर झिजतं. मी लावलंय, कारण गुळगुळीत काचेवर माझं अक्षर पार बिघडतं.

कोणाचं ऐकायचं? ज्याने स्वतःच्या किंवा आईबापाच्या पैशाने टॅब घेतलाय आणि निदान एक सत्र वापरलाय, त्याचं. मला पहिला सल्ला दिला तो एका सीनियरने, आणि त्याने स्वतः कधी टॅबवर एक ओळ लिहिली नव्हती. विचारायचं ते एवढंच, "दादा, तुझ्या मागच्या आठवड्याच्या नोट्स दाखवतोस का?" नोट्स दाखवल्या की सगळं कळतं. तयार टेम्प्लेट, प्लॅनर, टॉपरच्या नोट्सची पीडीएफ यांवर एक रुपया घालवू नका. दुसऱ्याच्या पीडीएफवर पिवळ्या रंगाने रेघा मारल्या की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. होत नाही. मी एक पूर्ण विषय असा घालवलाय.

जुना टॅब घ्यायला घाबरू नका. माझा आत्ताचा एस६ लाइट होस्टेलवरच्या एकाकडून १४ हजारांना घेतलेला आहे, आणि माझं उरलेलं शिक्षण त्याच्यावर झालं. आयपॅड जुना घेत असाल तर आधीच्या मालकाला तुमच्यासमोर त्याच्या खात्यातून बाहेर पडायला लावा, नाहीतर तो तुमच्या हातात कुलूपबंद राहील. पहिल्या पिढीची पेन्सिल महिनोन्महिने न वापरता पडून असेल तर तिची बॅटरी मेलेली असू शकते, तिथल्या तिथे लिहून बघा.

नोट्स दर रविवारी पीडीएफ करून ड्राइव्हवर टाकत जा. ॲपच्या स्वतःच्या फाइली दुसऱ्या ॲपमध्ये उघडत नाहीत, आणि उद्या टॅब बदललात तर सगळं जुन्यातच अडकतं.

आणि पहिल्या वर्षाला असाल तर आत्ता घेऊच नका. एक सत्र वहीवर काढा. परीक्षा अजून कागदावरच आहे, तीन तास सलग पेन चालवायची हाताला सवय लागते. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणून ताई नोट्स टॅबवर काढते पण उत्तरं रोज कागदावरच लिहिते. टॅब नसल्याने कोणी मागे पडत नाही. माझ्या वर्गातली पहिली आलेली मुलगी चारही वर्षं दोनशे पानी वह्यांवरच होती.

ज्यांनी माझ्यासारखा टॅब आधीच घेतलाय त्यांनी जिवाला लावून घेऊ नका. घरी सांगायची लाज वाटते, मला माहीत आहे. मी आईला दोन महिने सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्यावर ती फक्त "मग आता कशावर लिहितोस?" एवढंच म्हणाली. त्या टॅबवर लिहायचा नाद सोडा. पीडीएफ वाचायला, आकृती मोठी करून बघायला, लेक्चर ऐकायला तो उत्तम आहे. सुट्ट्या कागदांवर लिहा, संध्याकाळी मोबाइलने स्कॅन करा, विषयवार फोल्डरमध्ये टाका, आणि वाचताना टॅबवर उघडा. उरलेलं सगळं सत्र मी हेच केलं. स्कॅन करायला रोज दहा मिनिटं लागायची आणि त्या निमित्ताने दिवसाचं लिहिलेलं एकदा डोळ्यांखालून जायचं. एक्सवरची टिंबंही तेव्हाच तपासून घ्यायचो. व्हायब्रेशन त्याच सत्रात सुटला, ६१ मार्कांनी.