"युद्ध संपणार" अशी बातमी आली की ती कशी तपासायची

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मामा आहेत, त्यांनी रशिया-युक्रेनचं युद्ध आत्तापर्यंत आठ-नऊ वेळा तरी संपवलंय. कुठेतरी दोन नेते हात मिळवताना दिसले की फोटो फॉरवर्ड, खाली "अखेर शांतता!!" आणि हात जोडलेले, मग चार दिवसांनी तेच विचारणार की काय रे, परत सुरू झालं वाटतं. हसण्यावारी नेलं असतं पण मैत्रिणीची भाची तिकडे युक्रेनमध्ये मेडिकलला होती, २०२२ मध्ये सगळं तिथेच टाकून पोरगी परत आली, आणि त्या घरात पुढे कितीतरी महिने अशी प्रत्येक बातमी म्हणजे ट्रान्सफर घ्यायची का थांबायचं, फी भरायची का नाही, यावरून रात्री अकरापर्यंत चर्चा. त्यांच्यासाठी मी एका वहीच्या पानावर काही प्रश्न लिहून दिले होते, बातमी आली की आधी हे बघा म्हणून. तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला एक समज काढून टाका, की दोघं दमले की युद्ध थांबतं. नाही थांबत. गावाकडे भावकीतली बांधाची केस बघितलीय ना? दोन्ही घरं कर्जात जातात, ज्यांनी केस टाकली ते म्हातारे जातात, वकील बदलतात, चार फूट जमिनीपायी एकराच्या किमतीएवढा पैसा कोर्टात जातो तरी तारखा चालूच, कारण जो आधी मागे घेईल त्याला पारावर तोंड दाखवायला जागा राहत नाही. देशांचंही तेच असतं, फक्त तिथे पारावरची अब्रू आणि सत्तेची खुर्ची एकाच खिळ्याला टांगलेली असते.

म्हणून बातमीत सगळ्यात आधी हे शोधायचं: ज्याला मागणी सोडावी लागणार आहे तो घरी जाऊन काय सांगणार? यासाठी इराण-इराक युद्ध नीट समजून घ्या. शेजारी देश, आठ वर्षं, लाखो माणसं मेली, आणि शेवटी रेष होती तिथेच. १९७५ मध्ये अल्जिअर्सला करार झाला होता की दोन देशांमधल्या शत्त अल अरब नदीतली हद्द खोल पाण्याच्या मधोमध धरायची. इराकच्या सद्दाम हुसेनने सप्टेंबर १९८० मध्ये तो करार मोडीत काढला आणि २२ तारखेला इराणवर हल्ला केला. इराणचं खोर्रमशहर घेतलं. इराणने मे १९८२ मध्ये ते परत जिंकलं, आणि खरंतर इथेच संपायला हवं होतं, सद्दाम हद्दीपर्यंत मागे जायला तयार झाला होता, युद्ध थांबवूया म्हणत होता. पण आता वरचढ कोण, तर इराण. त्यांना सद्दाम खुर्चीवरून जायला हवा होता, नुकसानभरपाई हवी होती, हल्ला कोणी केला ते जगाने सांगायला हवं होतं. जुलै १९८२ मध्ये ते बसरा शहराच्या दिशेने इराकमध्ये घुसले आणि पुढची सहा वर्षं सगळं चिखलात रुतून बसलं.

आता ही सहा वर्षं बघा, दर वर्षी कोणीतरी मध्यस्थी करतंय, दर वर्षी आशा. काय बदलत नव्हतं? एक मागणी. सद्दाम जायलाच हवा. समोरच्याची खुर्ची हीच मागणी असेल तर तो सही कशावर करणार, स्वतःच्या राजीनाम्यावर? तेव्हा बातमीत "अमुक राजवट हटल्याशिवाय चर्चा नाही" असं वाक्य जोपर्यंत दिसतंय तोपर्यंत फोटो कितीही छान असू दे, मामांना ग्रुपवर नुसता अंगठा द्या आणि पुढे जा.

आणि मग बदललं काय? एकच गोष्ट नाही, चार-पाच एकावर एक पडल्या. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले होते, इराणची तिजोरी आटत गेली. १९८७ च्या सुरुवातीला बसऱ्यासाठी त्यांनी प्रचंड माणसं घातली, बसरा पडलं नाही. इराकच्या मागे कुवेत-सौदीचा पैसा होता, इराणमागे तसं कोणी नव्हतं. जुलै १९८७ मध्ये युनोच्या सुरक्षा परिषदेने ५९८ नंबरचा ठराव केला, इराकने मान्य केला, इराणने सरळ नाहीही म्हटलं नाही आणि होही नाही, वर्षभर भिजत घोंगडं. एप्रिल १९८८ मध्ये इराकने इराणच्या ताब्यात गेलेलं आपलं फाव परत घेतलं. जूनमध्ये इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी संसदेचे सभापती रफसंजानी यांच्याकडे सैन्याची सूत्रं दिली. ३ जुलैला अमेरिकेच्या युद्धनौकेने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली, त्यात दहा भारतीय. आणि २० जुलैला खोमेनींचा संदेश आला की ठराव मान्य करणं म्हणजे विष पिण्याहून जड आहे, पण करतोय.

यातली रफसंजानींची ओळ परत वाचा. पेपरात त्या दिवशी ती आतल्या पानावरची बातमी असणार, पण कळीची तीच. ज्या माणसाच्या तोंडून सैन्याला "आता बास" हे ऐकवता येईल असा माणूस जागेवर आला. युद्ध संपायच्या आधी बरेचदा असं काहीतरी होतं, कोणीतरी बदलतो, मरतो, निवडून येतो. १९५०-५३ च्या कोरियाच्या युद्धात बघा, अमेरिकेत आयझेनहॉवर निवडून आले ते कोरियाला जातो असं सांगून, मार्च १९५३ मध्ये स्टॅलिन गेला, आणि जुलैत युद्धविरामावर सह्या. त्यामुळे शांतता परिषदेच्या बातमीपेक्षा कोणाची बदली झाली, कोणाला काढलं, कोणाची तब्येत बिघडली या बातम्या जपून ठेवा.

पैशाचा नि दारूगोळ्याचा प्रश्न पण वहीत हवाच: माल कोण पुरवतंय, आणि त्या पुरवठादाराला थांबायची घाई आहे का? लढणारा स्वतःच्या खिशातून लढत असेल तर एक दिवस खिसा रिकामा होतो. दुसऱ्याच्या खिशातून लढत असेल तर त्या दुसऱ्याच्या देशातल्या निवडणुका, बजेट, हे बघावं लागतं. युक्रेनच्या बाबतीत हे सांगायला नकोच.

बोलतंय कोण हेही बघायचं, लवकर होतं हे काम. तिसऱ्या देशाचा नेता "आम्ही खूप जवळ आलोय" म्हणतोय आणि लढणारे दोघं गप्प, तर बातमी त्या तिसऱ्याची आहे, युद्धाची नाही.

मग शब्द. "युद्धविराम" म्हटलं की विचारा किती दिवसांचा, कुठपासून, कोण बघणार. सणापुरता विराम वेगळा, फक्त वीजकेंद्रांवर हल्ले करायचे नाहीत हे वेगळं, धान्याची जहाजं जाऊ द्यायची हे वेगळं. जुलै २०२२ मध्ये काळ्या समुद्रातून धान्य नेऊ द्यायचा करार झाला (आपल्याकडे सूर्यफुलाचं तेल का महागलं ते तेव्हा सगळ्यांना कळलं), तो वर्षभर चालला आणि जुलै २०२३ मध्ये रशियाने सोडला. त्या पूर्ण वर्षात आघाडीवर लढाई चालूच होती. म्हणजे असा करार हे युद्ध संपायचं लक्षण धरायचं नाही, दोघांचा फायदा असेल तर बंदुका चालू ठेवूनही व्यवहार होतात.

आता कलमांचा क्रम, आणि इथे मी स्वतः फसलोय. २०१५ ला पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवायला मिन्स्कचा दुसरा करार झाला तेव्हा मला वाटलं की झालं, कागदावर सगळं आलंय. आलं होतंही. सीमेचा ताबा युक्रेनला परत, त्या भागात निवडणुका, विशेष दर्जा, सगळं. पण आधी काय? युक्रेनचं म्हणणं आधी सुरक्षितता आणि सीमा आमच्या हातात, मग निवडणुका. रशियाचं म्हणणं आधी निवडणुका आणि दर्जा. दोघंही कराराला हो म्हणत होते आणि सात वर्षं काहीच हललं नाही. इराणचंही ५९८ वर हेच अडलं होतं, हल्लेखोर कोण ते आधी ठरवा मग शस्त्रं ठेवतो, आणि ठरावात ते कलम होतं पण खाली. त्यामुळे कराराचा मसुदा आला की कलमं वाचा, पण प्रत्येकापुढे "याच्या आधी काय व्हायला हवं" हे पेन्सिलीने लिहा. दोन कलमं एकमेकांची वाट बघत बसलेली दिसली तर करार झाला तरी धरून चालू नका.

कायद्यात कोणी स्वतःला कोंडून घेतलंय का हेही तिथेच नोंदवा. रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनचे चार प्रांत आपले म्हणून जाहीर केले, ते पूर्ण ताब्यातही नव्हते तेव्हा, आणि राज्यघटनेत घातले. युक्रेनच्या घटनेत भूभाग बदलायचा तर देशभर सार्वमत लागतं. दोघांनी दाराला आतून कुलूप लावलंय, किल्ली सापडेलही, पण एका मीटिंगमध्ये नाही. म्हणून असल्या ठिकाणी "कायदेशीर मान्यता न देता आहे त्या रेषेवर थांबणे" अशा धाटणीचं वाक्य आलं तर तिकडे लक्ष द्या, दिसायला गुळमुळीत असतं पण कुलूप न उघडता खिडकीतून बाहेर यायची वाट तीच असते.

कंटाळवाण्या बातम्या वाचायच्या, हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा. कैदी. कोरियात बोलणी सुरू झाली १० जुलै १९५१ ला, केसाँगला, नंतर पानमुनजॉमला. रेष कुठे आखायची यावर त्यातल्या त्यात लवकर जमलं, आणि वर्षाहून जास्त काळ घोडं अडलं ते कैद्यांवर. हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी परत जायला तयार नव्हते, चीन म्हणतो सगळे द्या, अमेरिका म्हणते जबरदस्तीने नाही पाठवणार. तेवढा काळ लोक एकेका टेकडीसाठी मरत होते. भारताने १९५२ च्या अखेरीस युनोत तोडगा मांडला, तेव्हा रशिया-चीनने उडवून लावला, आणि १९५३ मध्ये जे ठरलं ते बरंचसं त्याच वळणाचं: न जाणाऱ्यांना तटस्थ देशांच्या आयोगाकडे द्यायचं. आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, आणि कैद्यांना सांभाळायला गेलेल्या भारतीय तुकडीचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष री साहेबांनी भारतीय सैनिकांना त्यांच्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला म्हणून आपली पोरं बंदरावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेली. कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत अडकवून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले होते. आपल्याकडे हे कोणी शाळेत शिकवत नाही याचं मला कायम नवल वाटतं, असो.

मुद्दा काय, तर एप्रिल १९५३ मध्ये आधी आजारी आणि जखमी कैद्यांची अदलाबदल झाली, आणि तीन महिन्यांनी युद्ध थांबलं. पण नुसती अदलाबदल झाली म्हणून नाचू नका, रशिया-युक्रेनची कैदी अदलाबदल ऐन लढाईतही चालू होती. फरक कशात शोधायचा? मोजून अमुक माणसं इकडे-तिकडे, की "सगळ्यांचं काय करायचं" याचा नियम ठरतोय? नियम ठरत असेल तर वहीत लाल पेनने लिहा.

आणि हो, याच री साहेबांनी जून १९५३ मध्ये करार तोंडावर आला असताना पंचवीस हजारांवर कैदी छावण्यांतून परस्पर सोडून दिले, सगळं उधळायला. त्यांनी शेवटपर्यंत सही केली नाही. मग अमेरिकेने त्यांना संरक्षण कराराचं आश्वासन दिलं तेव्हा निदान मोडणार नाही एवढं कबूल झाले. त्यावरून वहीत अजून एक ओळ: खोलीत नसलेला पण करार मोडू शकणारा कोण आहे, आणि त्याला काय मिळतंय?

लढाई भडकली म्हणजे बोलणी फिसकटली, असंही समजू नका. कोरियात शेवटच्या महिन्यात चीनने मोठा हल्ला चढवला. इराणने हो म्हटल्यावरही इराकचे हल्ले चालू राहिले, बंदुका प्रत्यक्ष थांबल्या २० ऑगस्ट १९८८ ला, म्हणजे पूर्ण महिन्याने. रेष गोठायच्या आधी जेवढं ओढता येईल तेवढं ओढून घ्यायचं असतं, मोजणीच्या आदल्या रात्री बांध कोरतात तसंच.

मोजणीवरून आठवलं, आफ्रिकेतले शेजारी इथिओपिया-एरिट्रिया. १९९८ मध्ये बाडमे नावाच्या एका धुळकट गावावरून भडकलेलं युद्ध, डिसेंबर २००० मध्ये करार, २००२ मध्ये सीमा आयोगाने निकाल दिला की बाडमे एरिट्रियाचं. मोजणी झाली, नकाशा झाला, कब्जा काही इथिओपियाने सोडला नाही. सोळा वर्षं ना युद्ध ना शांतता. २०१८ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान म्हणून अबी अहमद आले, निकाल मान्य म्हणाले, मिठ्या मारल्या, पुढच्या वर्षी नोबेल, आणि त्यानंतरही दोन देशांत सगळं सुरळीत झालंय असं कोणी म्हणणार नाही. तेव्हा निकाल लागला की एकच बघायचं, जमिनीवरून शिपाई हलले का.

वहीच्या पानावर तारखेचा रकाना मात्र मोठा ठेवा, हे मैत्रिणीच्या बहिणीलाही सांगितलं होतं, तिने छोटा आखला आणि आता बाजूला चिठ्ठ्या चिकटवते. इराण-इराकचं पान मी नमुना म्हणून भरून दिलं होतं: गोळीबार बंद १९८८. सद्दाम कुवेतमध्ये अडकला आणि इराणची बाजू मोकळी हवी म्हणून १९७५ चीच हद्द परत मान्य केली, ऑगस्ट १९९०. हल्ला इराकनेच केला होता असं युनोच्या महासचिवांनी लिहून दिलं, डिसेंबर १९९१. शेवटचे कैदी घरी पोचले, २००३.