डिस्कमनचा मूळ आवाज हवा, तर आधी रेल साफ करा

जुना डिस्कमन, म्हणजे सोबत नेता येणारा छोटा सीडी प्लेअर, कपाटातून काढला, सेल घातले, सीडी फिरली आणि गाणे वाजले, एवढ्यावर यंत्र ठणठणीत आहे असे समजू नका. धक्का बसला तरी गाणे तुटू नये म्हणून पुढचे काही सेकंद आधीच मेमरीत साठवण्याच्या सोयीला ईएसपी म्हणतात. तिचे बटण बंद करून तेच गाणे पुन्हा लावा. बरीच यंत्रे इथे उघडी पडतात. कुणी अडखळते, कुणी एकाच जागी टकटक करत बसते, कुणी शेवटच्या गाण्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि चांगला आवाज मिळतो तो नेमका ईएसपी बंद असतानाच.

सीडीवरून दर सेकंदाला सुमारे १४.१ लाख बिट येतात. नव्वदच्या दशकात ‘१० सेकंद’ ईएसपी म्हणून विकल्या गेलेल्या यंत्रांत साधारणपणे ४ मेगाबिटची, म्हणजे सुमारे ४२ लाख बिटांची मेमरी असे. मूळ रूपातला आवाज तिच्यात जेमतेम ३ सेकंद मावतो. दहा सेकंद बसवायचे म्हणून आवाज दाबून, जवळपास पाव आकाराचा करून साठवला जाई. भरगच्च वाद्यमेळात हा फरक कळत नाही. तानपुऱ्याच्या जवारीत आणि टाळ वाजल्यावर हळूहळू विरत जाणाऱ्या नादात तो कळतो. नाद विरण्याआधीच बारीक खरखरीत बुडतो. १९८४ साली आलेल्या सोनी डी-५० मध्ये असली मेमरीच नव्हती. लेझरच्या भिंगाने सीडीवरून जे वाचले तेच पुढे जाई.

मेमरीचा दुसरा तोटा असा, की ती यंत्रातला बिघाड झाकते. भिंग अडखळले तरी साठवलेल्या सेकंदांवर गाणे चालू राहते. म्हणून ईएसपी बंद ठेवायचे असेल तर आधी भिंग सरकवणारी यंत्रणा, म्हणजे रेल, मोकळी झाली पाहिजे.

यंत्र निवडताना

हेडफोनच्या जागेशिवाय स्वतंत्र ‘लाइन आउट’, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची जागा असेल तरच घ्या. ईएसपी पूर्ण बंद होत असेल तर उत्तम. सोनीच्या नंतरच्या जी-प्रोटेक्शनवाल्या काही यंत्रांत १ आणि २ अशा दोन जागा असतात. तिथे १ निवडा, धक्क्यापासून बचाव कमी होतो पण आवाज सरस राहतो. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची यंत्रे घेताना सेलचे झाकण उघडून वास घ्या. माशासारखा वास आला तर आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गळले आहेत, आणि त्यांचा द्रव बोर्डावरचे तांबे खातो. कपॅसिटर बदलून घ्यायची तयारी नसेल तर ते यंत्र तिथेच ठेवा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घ्यायचे असेल तर खिशात स्वतःची छापील सीडी आणि दोन सेल घेऊन जा.

वीज

निकेल मेटल हायड्राइडचे चांगले सेल वापरा. अ‍ॅडॅप्टर लावायचाच असेल तर जागेशेजारी छापलेले व्होल्ट आणि अधिक-उणे खुणेचे चित्र वाचा. बऱ्याच यंत्रांना ४.५ व्होल्ट लागतात, काहींना ६ किंवा ९. पिन आत बसली म्हणून अ‍ॅडॅप्टर चालतो असे नाही. स्वस्त अ‍ॅडॅप्टरची शिट्टी लाइन आउटमधून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाते, सेलवर ती त्रासच देत नाही. सेल गळून पट्ट्यांवर पांढरा थर बसला असेल तर कापसाच्या काडीने व्हिनेगर लावून तो काढा आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा.

भिंग

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, नवी कापसाची काडी, एक थेंब. काडी आधी कागदावर टिपा, मग भिंगावर मधून बाहेर गोल फिरवा. भिंग बारीक तारांवर तरंगते, म्हणून काडीच्या वजनाहून जास्त दाब देऊ नका. सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने प्लास्टिकचे भिंग कायमचे धुरकटते. ब्रशवाल्या ‘क्लीनर सीडी’ तर विकतच घेऊ नका. कोरडा ब्रश वेगाने भिंगावर आपटतो, एवढेच त्यातून होते.

आता तपासणी. स्वतःच्या संगणकावर लिहिलेली सीडी न घेता छापील आणि ७० मिनिटांच्या वरची सीडी घ्या. लिहिलेल्या सीडीचा पृष्ठभाग कमी परावर्तित करतो आणि दोष यंत्राचा की सीडीचा ते कळत नाही. ईएसपी बंद करून पहिले गाणे लावा, मग थेट शेवटचे, मग पुन्हा पहिले. सीडी आतून बाहेर वाचली जाते. ‘नो डिस्क’ आले तर दोष बहुधा भिंगात किंवा लेझरमध्ये. पहिली गाणी नीट आणि शेवटची अडखळत असतील, किंवा दर वेळी त्याच मिनिटाला गाणे अडकत असेल, तर दोष रेलचा धरा.

रेल

सगळे काम इथेच आहे, आणि बहुतेक यंत्रे याच टप्प्यावर वाया जातात. भिंगाचा गाळा एका पोलादी दांडीवर सरकतो. छोटी मोटर प्लास्टिकच्या एक-दोन गिअरमधून त्याला ढकलते. वीस-तीस वर्षांत कारखान्यातले ग्रीस पिवळे पडून मेणासारखे थिजते. सीडीवरच्या दोन शेजारच्या रेघांमध्ये १.६ मायक्रोमीटरचे अंतर असते. इतका बारीक माग भिंग स्वतः तारांवर हलून घेते, पण गाळ्यानेही त्याच्यामागे न अडखळता सरकत राहायचे असते. थिजलेल्या ग्रीसमध्ये तो आधी चिकटतो आणि मग एकदम उडी मारतो.

सेल आणि अ‍ॅडॅप्टर काढा. कितीतरी यंत्रांत झाकण उघडल्यावर खाचेतून अर्धी दांडी आणि गिअर दिसतात, तेवढ्यावर काम होत असेल तर स्क्रू काढूच नका. काढावे लागलेच तर खाचेत घट्ट बसणारा लहान स्क्रू-ड्रायव्हर घ्या, सैल ड्रायव्हरने एकदा डोके घासले की स्क्रू निघत नाही. चपटी पट्टी-केबल ओढून काढू नका, तिचे कुलूप आधी उचलायचे असते. आणि तिला हात लावण्यापूर्वी जमिनीला जोडलेल्या धातूला स्पर्श करा, अंगावरच्या स्थिर विजेने लेझर मरतो.

गाळा बोटाने ढकलू नका. टूथपिकने गिअर फिरवा म्हणजे गाळा आपोआप सरकेल. तो पूर्ण बाहेर न्या, अल्कोहोलच्या काडीने दांडी पुसा, पूर्ण आत आणा, पुन्हा पुसा. काडी पिवळी येणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहा, आठ-दहा सहज लागतात. मग गिअर. इथे घाई केली की काम फुकट जाते. दोन दातांच्या बेचक्यात थिजलेले ग्रीस खड्यासारखे बसलेले असते. टूथपिकचे टोक अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक बेचकी रिकामी करा, गिअर एक दात पुढे घ्या, पुन्हा करा. एक बेचकी राहिली तरी गाणे दर वेळी त्याच जागी अडकेल. मोटरच्या दांड्यावरचा सर्वांत लहान गिअर हातात धरायच्या भिंगातून मोठा करून बघा. त्याला उभी चीर गेली असेल तर ग्रीसने काही होणार नाही आणि डिंकाने तर नाहीच. तो गिअर बदलावा लागेल.

नवे ग्रीस प्लास्टिकला चालते असे डबीवर लिहिलेलेच हवे. गिअरला मोहरीच्या अर्ध्या दाण्याइतके पुरे. दांडीला लावून कापडाने पुसून घ्या, नुसती चमक उरली की झाले. शिलाई मशीनचे तेल, खोबरेल किंवा गंज सोडवणारा फवारा यांतले काहीही घालू नका. पातळ तेल पसरत भिंगापर्यंत पोहोचते, खोबरेल थंडीत थिजते आणि फवाऱ्यातला पातळ भाग उडून गेला की उरलेला चिकट होतो. जास्त ग्रीसही वाईटच, त्याला धूळ लागते.

गाळ्याच्या कडेला एक इवलासा फिरवता येणारा स्क्रू दिसेल. तो लेझरची वीज कमी-जास्त करतो. ‘थोडा फिरवा, सीडी वाचेल’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो धादांत वाईट आहे. वीज वाढली की मळके भिंग आणि अडकणारी रेल काही दिवस झाकली जाते, आणि तेवढ्यात लेझर जळतो. त्याला हात लावू नका. झाकणाचा स्विच दाबून, उघड्या यंत्रात लेझर चालू करून वरून बघणेही नको. त्याचा प्रकाश ७८० नॅनोमीटरचा असतो. डोळ्याला फिकट लाल ठिपका दिसतो, पण आत जाणारा प्रकाश त्याहून खूप जास्त असतो.

ऐकताना

ईएसपी बंद, खालचे स्वर वाढवणारे मेगाबासही बंद. अ‍ॅम्प्लिफायरला लाइन आउटमधूनच जोडा, तो आवाजाच्या चाकाला आणि बासला वगळतो. हेडफोनवर ऐकत असाल तर त्याचे ओहम, म्हणजे तो विजेला किती अडवतो ते बघा. यंत्राच्या हेडफोनच्या वाटेवर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर ३२ ओहमच्या हेडफोनला खालचा स्वर २३ हर्ट्झच्या आसपास कापला जातो, १६ ओहमला ४५ च्या आसपास. डग्ग्याची घुमार पातळ वाटली तर मेगाबास चालू करण्याआधी ३२ ओहमचा हेडफोन लावून बघा.

काही जुन्या सीडींवर, विशेषतः ऐंशीच्या दशकातल्या जपानी सीडींवर, वरचे स्वर मुद्दाम चढवून भरलेले असतात. संगणकावर उतरवताना हे चढवणे तसेच राहिले तर त्या कर्कश लागतात. प्लेअर ते चढवणे स्वतःच कमी करतो, म्हणून अशा सीडी डिस्कमनवरच ऐका.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून यंत्र बाहेर आणले की भिंगावर दव धरते. तासभर झाकण उघडे ठेवून मगच सीडी घाला. यंत्र ठेवून द्यायचे असेल तर सेल काढा, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा एक लांब सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा, म्हणजे गाळा दांडीच्या दोन्ही टोकांपर्यंत फिरून येतो.