जुन्या गाडीचा सकाळचा धूर: सेल्फ मारण्याआधीची तयारी

जुनी गाडी सकाळी चालू केल्यावर सायलेन्सरमधून धूर आला, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: रिंगा गेल्यात, इंजिन बांधावं लागेल. रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या कड्या, आणि इंजिन बांधणं म्हणजे ते पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलणं. कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा दोष वॉल्व्ह सीलमध्ये, म्हणजे वॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणाऱ्या छोट्या रबरी टोपीत, निघतो, आणि त्याचा खर्च इंजिन बांधण्याच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही. हा फरक सांगणारा धूर थंड इंजिनाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतो. गॅरेजला पोहोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं, त्यामुळे मेकॅनिकला तो दिसतच नाही. तो तुम्हीच पाहायचा, आणि तशी संधी दिवसातून एकदाच मिळते. म्हणून तयारी आदल्या रात्रीपासून हवी.

रात्री गाडी लावताना सायलेन्सर मोकळ्या जागेकडे येईल अशी लावा. बेसमेंटमध्ये किंवा बंद पार्किंगमध्ये हे करूच नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही. तळमजल्यावर कुणाची खिडकी अगदी मागे येत असेल तर गाडी पुढे घ्या, त्या घरात लहान मूल किंवा दम्याचा पेशंट असू शकतो. पहाटे गाड्या धुणाऱ्या मुलाला सांगून ठेवा, की उद्या ही गाडी नंतर धू. सायलेन्सरमध्ये पाणी गेलं की वाफ निघणार आणि आपण फसणार. रात्रभर, निदान आठ तास, इंजिन अजिबात चालू झालेलं नको. जवळ एक टॉर्च, पांढरं सुती फडकं आणि वही ठेवा. सकाळी मागे उभं राहून फोनवर व्हिडिओ घ्यायला घरातलं कुणी तरी लागेल, त्यांनाही आधीच सांगा.

सकाळी किल्ली फिरवण्याआधी बोनेट उघडा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून ऑइल पाहा आणि पातळी लिहून ठेवा. मग कूलंट पाहा. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना कधीही नाही. गाडीखाली एक थेंबही नसताना कूलंट कमी होत असेल, तर ते कुठे जातंय याचा शोध घ्यायलाच हवा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर लगेच हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याच्या खालचं पॅकिंग) गेलं असं समजू नका. नुसती घर ते स्टेशन चालणारी गाडी नीट तापत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, झाकणाखाली ओल साठते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. गाडी तुंबलेल्या पाण्यात उभी होती आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारूच नका; सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता व्हिडिओ सुरू करायला सांगा, मग किल्ली फिरवा. रेस देऊ नका. मागच्या माणसाने बाजूला उभं राहावं. धूर लगेच आला की थोड्या वेळाने, किती सेकंद टिकला, वास कसला, सगळं लिहा. फडकं सायलेन्सरपासून वीतभर लांब धरा; तेलकट ठिपके उमटतात की कोरडी काजळी, ते दिसेल.

पातळ पांढरी वाफ मिनिट-दोन मिनिटांत विरली, तर ते सायलेन्सरमधलं पाणी, काळजी नको. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा धूर असेल तर कूलंट जळतंय, गाडी तिथेच बंद करा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर, अडकलेला चोक, इंजेक्शनची गाडी असेल तर कूलंटचा टेंपरेचर सेन्सर. थंड डिझेल गाडीतून डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर आला तर आधी हीटर प्लग (थंड इंजिन चालू होताना आतली हवा तापवणारे) तपासायला सांगा.

निळ्या धुराला सगळ्यात जास्त वेळ द्या. रात्रभर उभ्या इंजिनात वरचं ऑइल कडक झालेल्या सीलमधून वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपतं, आणि सकाळी एकदम जळतं. म्हणून एक निळा लोट येतो आणि काही सेकंदांत संपतो. रिंगा झिजल्या असतील तर धूर गाडी गरम झाल्यावरही राहतो आणि रेस दिली, चढ चढला की वाढतो. अजून खात्री हवी असेल तर खंडाळ्याचा घाट उतरताना मागच्या गाडीत ओळखीचा माणूस ठेवा. गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलात आणि खाली आल्यावर पुन्हा रेस देताच निळा लोट निघाला, तर संशय सीलवर. धुराचा दोष सीलला किंवा रिंगांना देण्याआधी पीसीव्ही वॉल्व्हही (इंजिनात साठलेली वाफ आणि वायू बाहेर काढणारा) बघून घ्या, तो तुंबला तरी इंजिन ऑइल खातं.

पीयूसी पास झालं म्हणून निर्धास्त राहू नका. ती तपासणी गरम इंजिनावर होते, सकाळचा लोट तिच्यात येत नाही.

गॅरेजला जाताना व्हिडिओ आणि वही दोन्ही न्या. हेड उघडण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं) मागा, आधी कोरडी, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून. ऑइल टाकल्यावर आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलंय. कोरडेच आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर इंजिन बांधायला होकार देऊ नका, आधी सील बदलायला सांगा. बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून वॉल्व्ह वर धरतात आणि हेड न उतरवता सील बदलतात. तुमच्या गाडीत ते जमतं का, हे विचारा. प्लग काढतील तेव्हा कोणता कोणत्या सिलिंडरचा, ते त्यांच्यासमोरच खुणा करून ठेवा.