राजवाडा ते कान्ह नदी: शहर सुधारणेचं फील्डवर्क करताना या चुका टाळा

भूगोलाच्या फील्डवर्कसाठी आजकाल बरीच मुलं एकच विषय घेतात, राजवाडा परिसर किंवा कान्हच्या काठाचा जो कायापालट झाला तो टिकाऊ आहे का. विषय खरंच छान आहे आणि आपल्या इंदूरमध्ये बसून करण्यासारखा आहे. पण रिपोर्ट उघडला की शेवटच्या पानावर ठरलेलं वाक्य असतं, "परिसर स्वच्छ व सुंदर झाला आहे, म्हणून प्रकल्प शाश्वत आहे." चकाचक दिसणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिकाऊपणा बघायचा तर एक तर वेळ बघावा लागतो, आज आहे ते दहा वर्षांनी असेल का, आणि दुसरं म्हणजे माणसं, कोणाचं भलं झालं आणि कोणाला उठावं लागलं. बहुतेक चुका हे दोन्ही विसरल्यामुळेच होतात.

प्रश्न फार मोठा घेणे

"इंदूर स्मार्ट सिटी शाश्वत आहे का" हा दोन-तीन दिवसांच्या कामाचा प्रश्नच नाही. एक पट्टा धरा, म्हणजे राजवाडा ते कृष्णपुरा छत्री, किंवा नुसती छप्पन दुकान ही खाऊगल्ली, आणि त्या पट्ट्याबद्दल मोजता येईल असं काहीतरी विचारा. उदाहरणार्थ, गाड्या बंद केल्यावर पायी येणारे लोक दिवसभर येतात की फक्त संध्याकाळी खायलाच येतात? हे दोन तास उभं राहून मोजता येतं आणि त्याला उत्तरही मिळतं.

"आधी काय होतं" हेच माहीत नसणे

आधीची स्थिती माहीत नसेल तर सुधारणा कशावरून म्हणणार? आणि आधीचा फोटो म्हणून प्रकल्पाच्याच प्रेझेंटेशनमधला फोटो लावू नका, तिथे आधीचा फोटो नेहमी पावसातला चिखलातला आणि नंतरचा दिव्यांच्या रोषणाईतला असतो. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं फुकट बघता येतात, रुंदीकरणात घरांच्या कडा कुठे कापल्या गेल्या ते त्यात अगदी स्पष्ट दिसतं. रामबाग, मल्हारगंजातल्या घरांमध्ये जुने लग्नाचे, वरातीचे फोटो असतात, त्यात मागे रस्ता येतो, आजी-आजोबांना विचारून बघा, आनंदाने काढून देतात.

आपल्या शहराला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी इथे काम करत होते आणि १९१८ मध्ये त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. त्यांचा आग्रह असा की आधी पायी फिरा, पाहणी करा आणि मग आराखडा काढा, सरसकट पाडापाडी न करता अगदी गरज असेल तेवढंच काढा. प्लेगच्या त्या काळात लोकांनी घरं साफ करावीत म्हणून त्यांनी दिवाळीची मिरवणूकसुद्धा काढली होती. शंभर वर्षांपूर्वी याच गल्ल्यांमधून एक माणूस वही घेऊन फिरलाय, आपण निदान तेवढी पायपीट तरी करू.

दिवसाच्या एकाच वेळेला जाणे

रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन राजवाड्यावर जायचं, अर्धी दुकानं बंद, रस्ता मोकळा, आणि लिहायचं की वाहतुकीचा ताण कमी झाला. असं करू नका. सराफ्याचंच बघा, दिवसा सोन्या-चांदीचा बाजार आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले, म्हणजे एकाच गल्लीचे दोन संसार आहेत, दिवसा मोजलेली गर्दी रात्रीबद्दल काही सांगत नाही. वर्किंग डेला सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी परत त्याच वेळा एवढं तरी पाहिजेच. दर वेळी एकाच ठिकाणी उभं राहा, मोजायची मिनिटं सारखी ठेवा आणि दोन्ही दिशांचे लोक वेगळे मोजा, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळवताच येत नाहीत.

मार्क देताना सगळे एकमेकांकडे बघतात

परिसराच्या गुणवत्तेसाठी उणे तीन ते अधिक तीन असा तक्ता वापरतात ना, त्यात सगळ्यात जास्त गडबड होते. ग्रुपमधला एक जण मोठ्याने "दोन" म्हणतो आणि बाकी सगळे दोनच लिहितात. प्रत्येकाने न बोलता आपापला तक्ता भरायचा. आणि त्याआधी शब्द पक्के करायचे, "कचरा: उणे तीन" म्हणजे नक्की काय, ढीग आहे, कचरा सांडलाय की दोन-चार पाऊच पडलेत? हे निघायच्या आधीच लिहून ठेवा. दोघांच्या मार्कांत दोनपेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, परत त्या जागी जा, बहुतेक वेळा शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतलेला असतो. मग मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा, काढा. आणि हाच तक्ता, जिथे प्रकल्प झालाच नाही अशा एखाद्या जुन्या बाजारपेठेच्या गल्लीत पण भरा. तुलनेला जागाच नसेल तर मिळालेला चांगला स्कोअर प्रकल्पामुळे आहे की एकूणच शहर साफ असतं म्हणून आहे हे कळणार कसं? २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर घेणाऱ्या शहरात हा मुद्दा तर फारच महत्त्वाचा.

आवाजाचं पण तेच, मोबाइलच्या अ‍ॅपवर डेसिबल दिसले की मुलं लगेच सरकारी मर्यादेशी तुलना करतात, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५. मोबाइल काही कॅलिब्रेट केलेलं यंत्र नाही. एकच फोन वापरून या गल्लीत जास्त की त्या गल्लीत एवढंच म्हणा.

नदीत ऑक्सिजन भरपूर आला आणि वास पण येतोय

कान्ह आणि सरस्वती या नद्यांत पडणारे सांडपाण्याचे नाले अडवले, २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस (सांडपाणी प्रक्रिया न करता नदीत न सोडणारं) शहर ठरलं, काठावर काम झालं, त्यामुळे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किटने तपासायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि तपासावंच. फक्त बाटली भरतानाच अर्ध्या लोकांचं वाचन खराब होतं. बाटली तिरकी धरून हळू बुडवायची, पाणी खळखळू द्यायचं नाही, काठोकाठ भरली की पाण्याच्या आतच बूच लावायचं म्हणजे हवेचा बुडबुडा राहत नाही. किटमधली पहिली दोन रसायनं तिथेच टाकायची, कॉलेजात येऊन नाही. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराफटक राहिला तर जवळपास नाहीच. सांडपाण्याच्या नदीत नायट्राइट असतं, ते ऑक्सिजनचा आकडा बिघडवतं, म्हणून अझाइडवाली किट घ्या. हातमोजे घाला, आणि निसरड्या पायऱ्यांवर एकट्याने उतरू नका.

आता समजा लिटरला ९ मिलिग्रॅम आले. आनंद होतो, पण थांबा. पाणी ३० अंशांच्या आसपास असेल तर ते साधारण साडेसातपेक्षा जास्त ऑक्सिजन धरूनच ठेवत नाही, इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे त्यामुळे आणखी थोडं कमी. मग नऊ कुठून आले? एक तर बुडबुडा राहिला, नाहीतर शेवाळ आहे. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, दुपारी तीनला आकडा मस्त येतो आणि पहाटे तीच नदी गुदमरलेली असते. म्हणून उजाडता-उजाडता एकदा आणि दुपारी एकदा असं दोन्ही घ्या, तापमान सोबत लिहा. आंघोळीच्या पाण्याचा निकष लिटरला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नको आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तो) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असा आहे, पण बीओडी जागेवर मोजता येत नाही, २७ अंशांवर तीन दिवस लागतात, तेव्हा लॅबशी आधी बोलून ठेवा. ऑगस्टमधली भरलेली नदी आणि मेमधली नदी यांची तुलना करू नका. आणि हे पाणी पुढे उज्जैनजवळ शिप्रेला मिळतं, म्हणजे आपल्या काठावर फरशा बसल्या की काम संपलं असं नाही, शहराच्या खालच्या बाजूला पण एक नमुना घ्याच.

जे राहिले त्यांनाच विचारणे

मला सगळ्यात जास्त टोचते ती ही चूक. प्रश्नावली घेऊन आपण कोणाकडे जातो? जो दुकानात निवांत बसलाय त्याच्याकडे. तो सांगतो, "भिया, एकदम बढिया हो गया," आणि ते खरंही असतं, त्याच्यासाठी. पण ज्याचा ठेला उठला, जो भाडेकरू भाडं वाढल्यावर गेला, तो तिथे नाहीच ना उत्तर द्यायला. म्हणून प्रत्येकाला एक प्रश्न विचाराच, "इथे पहिले कोण बसायचं आणि ते आता कुठे असतात?" दोन-तीन माणसं तरी शोधून सापडतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात टाउन व्हेंडिंग कमिटीने (शहराच्या पथविक्रेता समितीने) निदान पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं आहे, त्याची यादी मागा आणि प्रत्यक्ष गल्लीशी ताडून बघा.

"सौंदर्यीकरणाने तुम्हाला फायदा झाला का?" असं विचारलं की लोक हो म्हणतात. त्यापेक्षा "मागच्या काही वर्षांत इथे काय बदललं?" विचारा आणि गप्प राहा. प्रश्न हिंदीत आणि मराठीत आधीच लिहून न्या, जागेवर प्रत्येकाने आपल्या मनाने भाषांतर केलं की प्रत्येक जण वेगळंच विचारतो. फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या, लहान मुलांचे तर काढूच नका.

देखभालीचा खर्च कोण करणार हे न विचारणे

स्मार्ट सिटी मिशन २०१५ ला सुरू झालं आणि ३१ मार्च २०२५ ला संपलं. मग काठावरचे दिवे, बाग, पंप, फरशी यांची देखभाल आता कोणाच्या बजेटमधून होते? रिपोर्टमध्ये यावर एक ओळ पण नसते. माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी आणि उत्तराला ३० दिवस, म्हणजे फील्डवर्कच्या महिनाभर आधीच टाकायला हवा. तोवर जागेवर मोजा, किती दिवे लागतात, किती बंद आहेत, कोणत्या बाकाची पट्टी गेली.

आपल्याकडचं बीआरटीएस आठवा. २०१३ मध्ये साडेअकरा किलोमीटरची बसची वेगळी लेन सुरू झाली, रोज हजारो लोक त्यातून जायचे, आणि २०२५ मध्ये हायकोर्टाच्या परवानगीनंतर ती काढायचं काम सुरू झालं. काढणं बरोबर की चूक यावर घराघरात वाद आहेत, पण कोट्यवधींचं बांधकाम बारा वर्षांत निघू शकतं हे तुमच्या निष्कर्षात यायलाच पाहिजे.

आकडे एकमेकांशी भांडतात तेव्हा

लोक म्हणतात गर्दी वाढली आणि तुमची मोजणी म्हणते दुपारी कोणी नसतं. घाबरू नका, एकाला खोटं पाडून दुसरं लिहू नका. वेळेनुसार वेगळं करून बघा, कोणी सांगितलं ते बघा, खाण्याच्या दुकानवाल्याची संध्याकाळ आणि भांड्यांच्या दुकानवाल्याची दुपार वेगळी असते, तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात चांगला भाग बहुतेक तिथेच निघेल. चौदा लोकांना विचारून "७१ टक्के नागरिकांच्या मते" लिहू नका, चौदापैकी दहा असं सरळ लिहा आणि हाताने भरलेले मूळ तक्ते शेवटी जोडा, खाडाखोड असली तरी चालेल.