माणसाळू कोंबडी हवी? आधी पुढचा ऋतू बघा

थंडी ओसरू लागली की परसातल्या कोंबड्यांसाठी पिल्लं आणायची वेळ होते. आता आणलेल्या पिल्लांना पाच-सहा आठवड्यांत पुरती पिसं फुटतात, मग ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीच्या, ऊबेची गरज उरत नाही. पाच-सहा महिन्यांत तलंगा, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबड्या, अंड्यावर येतात. वेळेचं गणित सोपं आहे. घोळ होतो तो जात निवडताना.

शांत जात कोणती, असं विचारलं की ठरलेली नावं ऐकू येतात: बफ ऑर्पिंग्टन, कोचीन, ब्रह्मा, सिल्की, फेव्हरोल. नावं चुकीची नाहीत. या कोंबड्या खरंच उचलून घेऊ देतात, दचकून उडत नाहीत, मुलांच्या पायांत घुटमळतात. पण सिल्की सोडली तर बाकीच्या बहुतेक एकाच घडणीच्या आहेत: अंग भारी, पिसं दाट, उडायचा कंटाळा. कडाक्याच्या थंडीत हीच घडण त्यांना तारते, आणि कडक उन्हात हीच त्यांच्या जिवावर उठते.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचं तापमान मुळातच सुमारे ४१ अंश सेल्सिअस असतं. हवा तिशीच्या पुढे गेली की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, खाणं कमी करते आणि अंडीही घटतात. उष्णता बाहेर टाकायला तिला तुरा आणि चोचीखाली लोंबणारी लाल कातडी उपयोगी पडते. ब्रह्माचा तुरा अगदी छोटा, डोक्याला चिकटलेला असतो. बर्फाळ हवेत तो गारठून काळा पडत नाही, पण उन्हाळ्यात त्याचा फारसा आधार नाही. लेगहॉर्नचं उलट आहे. तुरा मोठा, अंग सडपातळ, वर्षाला अडीचशेच्या वर पांढरी अंडी सहज. उन्हाला ती चिवट, पण स्वभावाने बुजरी. हात लावायला गेलात की कुंपणापलीकडे.

म्हणून उन्हाळा कडक असेल तर माझा कौल मधल्या घडणीच्या जातींना: प्लायमाउथ रॉक, ससेक्स, ऑस्ट्रालॉर्प. तिन्ही माणसाला सरावतात आणि अंडीही चांगली देतात. ऑस्ट्रालॉर्प ही ऑर्पिंग्टनपासूनच ऑस्ट्रेलियात तयार झालेली जात. या जातीच्या एका कोंबडीने ३६५ दिवसांत ३६४ अंडी दिल्याची नोंद आहे. आपल्या कोंबडीकडून ती अपेक्षा ठेवू नका, पण शांत स्वभाव आणि भरपूर अंडी एकत्र मिळू शकतात एवढं त्यावरून कळतं. तिचा रंग काळा असल्यामुळे दुपारी दाट सावली मात्र हवीच.

पाऊस आणि चिखल जास्त असेल तर सिल्कीचा मोह आवरा. तिची पिसं एकमेकांत अडकून सलग पापुद्रा धरत नाहीत. त्यामुळे पाणी ओघळून न जाता आत मुरतं, ती भिजते आणि गारठते. कोचीन, ब्रह्मा आणि सिल्की यांच्या पायांवरही पिसं असतात. त्यांत चिखलाचे गोळे धरतात आणि पायांच्या खवल्यांखाली शिरणाऱ्या गोचिडीसारख्या किडी लवकर लक्षात येत नाहीत. कोरडी, छपराखालची जागा असेल तरच या जाती घ्या.

आता स्वभावाबद्दल. माणसाशी गोड असणं आणि कळपात गोड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असील हे त्याचं ठळक उदाहरण. पाळणाऱ्याच्या हातात ती शांत बसते, पण आपल्यातल्याच दुसऱ्या कोंबडीला जगू देत नाही. ऱ्होड आयलंड रेड काटक आणि भरपूर अंडी देणारी, पण कळपात दादागिरी करणारी. तिच्यासोबत सिल्की किंवा फेव्हरोल ठेवलीत तर ती बिचारी खाद्याच्या भांड्यापर्यंत पोचणार नाही. डोक्यावर पिसांचा झुपका असलेल्या पोलिशसारख्या जातींना नीट दिसतही नाही. त्या अचानक बिथरतात आणि त्यांचा झुपका इतर जणी उपटतात. कळपात सगळ्या सारख्या वजनाच्या आणि सारख्या स्वभावाच्या घ्या. नाहीच जमलं तर निदान खाद्य-पाण्याच्या दोन जागा करा, एकमेकींपासून दूर.

ऑर्पिंग्टन, कोचीन आणि सिल्की वारंवार खुडूक होतात. पिल्लं काढायची असतील तर २१ दिवस अंड्यांवर बसणारी यांच्यासारखी आई मिळणार नाही. फक्त अंडी हवी असतील तर हीच खोड महागात पडते, कारण खुडूक कोंबडी अंडी घालत नाही. उन्हाळ्यात ती अंडी घालायच्या तापलेल्या खोक्यात दिवसभर बसून राहते. पाणी तिच्या चोचीजवळ ठेवा.

जात म्हणजे फक्त कल, खात्री नव्हे. जमलं तर पिल्लांचे आईबाप बघा. हात पुढे केल्यावर ते काय करतात त्यावरून बरंच कळतं. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांजवळ खाली बसा आणि तळहातावर दाणे धरा. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, त्यांच्या लेखी ती घारच असते. फक्त अंडी हवी असतील तर कोंबडा लागत नाही, आणि शांत जातीचा कोंबडाही वयात आल्यावर अंगावर येऊ शकतो. सिल्कीत नर-मादी ओळखायला काही महिने लागतात, तेव्हा त्या घेताना थोडे कोंबडे निघतील हे धरूनच चाला.

भारी जातींसाठी बसायचा दांडा गुडघ्याएवढ्या उंचीवरच लावा. उंचावरून उडी मारली की तळपायाला इजा होते आणि त्यात पू धरतो. आत प्रत्येकीला निदान ४ चौरस फूट आणि बाहेर १० चौरस फूट जागा द्या. भारी जातींना त्याहून जास्त.

कोंबडी माणसाळलेली असली की मुलं तिला गालाशी धरतात. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा, पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लं हातात देऊ नका. मोठ्या कोंबड्या विकत आणल्यात तर जुन्या कळपात सोडण्याआधी महिनाभर वेगळ्या ठेवा, आणि दाणापाणी करताना आधी जुन्या कळपाकडे जा, मग नव्यांकडे.